चंडोलाच्या तोंडचा तवा

मित्रांनो, पिंजऱ्यासमोर उभे राहिले की माणसे आतल्या पक्ष्याची कीव करतात. पिंजऱ्याची कोणी करत नाही. पक्षी ज्या खिळ्याला टांगलेला असतो, त्याच खिळ्याला पिंजराही टांगलेला असतो, आणि त्याला तर पंखही नसतात. म्हणून आज माझी हकिगत तुम्हाला सांगावी असे मनात आले.

मी बांबूचा आहे. गोल, उंच आणि खूप जुना. सध्या तिएनजिन शहरातल्या एका उंच इमारतीत, काचेने बंद केलेल्या सज्जात माझा मुक्काम आहे. खाली रस्ता आहे हे मला ठाऊक आहे, कारण दुपारी गाड्यांच्या काचांचे कवडसे छतावर पळतात. पण आवाज इतक्या वर येत नाही. वास तर मुळीच येत नाही. घरची मालकीण श्यावलान अधूनमधून माझ्यावरची धूळ पुसते आणि काच पुन्हा ओढून घेते. गुणी मुलगी आहे. मुलगी आपली म्हणायची, तिचेही केस आता पांढरे झाले आहेत. तिच्या वडिलांनी मला घरी आणले, तेव्हा ती दोन वेण्या घालून शाळेत जात होती.

माझा जन्म याच शहरातल्या जुन्या नगाऱ्याच्या मनोऱ्यामागे एका बोळात झाला. माझा कारागीर कामात असला की कोणाशी बोलत नसे. त्याने दक्षिणेतून आलेला बांबू चिरला, आणि एकेक काडी लोखंडी पट्टीतल्या भोकातून ओढली. मग त्याहून बारीक भोकातून, मग त्याहूनही बारीक. त्या ओढाओढीत माझ्या अंगचा सगळा ताठा गेला. कड्या जाळावर धरून वाकवल्या, माथ्यावर पितळी आकडा बसवला, तळाला वाळू पसरली आणि मधोमध अळंबीसारखे एक लाकडी आसन उभे केले. इतर पक्ष्यांना दांडी लागते. चंडोल माळावरचा पक्षी, त्याला उंचवटा लागतो. त्यावर चढल्याशिवाय तो गात नाही. मी चंडोलाचा पिंजरा होतो.

मला घ्यायला आलेल्या माणसाचे नाव तोंग दशान. तो सायकलच्या कारखान्यात चाके सरळ करायचा. चाकाची तार बोटाने छेडायची आणि आवाजावरून सांगायचे, ही ढिली आहे, ही ताणलेली आहे. त्याने माझ्याही काड्या नखाने छेडून पाहिल्या, सगळ्या, गोल फिरून.

"हा खरं बोलतो," तो कारागिराला म्हणाला.

मला मिळालेली ती पहिली शाबासकी. आणखीही मिळाल्या, पण इतकी लक्षात राहिलेली दुसरी नाही.

आम्ही मिठाच्या गल्लीत राहत होतो. एका अंगणाभोवती अनेक बिऱ्हाडे, मध्ये एकच नळ, भिंतीला लागून कोळशाच्या वड्यांची रास आणि हिवाळ्यात तिच्याशेजारी कोबीच्या गड्ड्यांची तेवढीच उंच रास. तोंगची बायको आजाराने गेली. श्यावलान लग्न होऊन नदीपलीकडे गेली. कारखान्याने तोंगला निवृत्त केले. घरात उरलो आम्ही तिघे, तो, मी आणि माझ्यातला चंडोल. त्या चंडोलाला तो "धाकटे मालक" म्हणायचा, आणि बोलायचाही मालकाशी बोलावे तसाच. "धाकटे मालक, आज वारा आहे, अंघोळ वाळूतच करा."

धाकटे मालक खरोखर मोठे गवई होते. आमच्याकडे चंडोलाने गायचे तेरा आवाज ठरलेले असतात, आणि त्यांचा क्रमही ठरलेला. चिमण्यांचा कलकलाट, अंडे घातलेली कोंबडी, मांजर, पाकोळी, घार, पाण्याच्या गाडीचे करकरणारे चाक, असे एकामागून एक. मध्ये चुकायचे नाही, मागचे पुढे करायचे नाही. पिल्लू असतानाच त्याला जाणत्या पक्ष्याशेजारी टांगून ते शिकवावे लागते. त्या तेरांखेरीज एखादा जरी आवाज पक्ष्याच्या तोंडून निघाला, तरी ते घाण तोंड. घाण तोंडाच्या पक्ष्याला कोणी शेजारी टांगू देत नाही, कारण चांगले पक्षीही त्याचे ऐकून बिघडतात.

रोज सकाळी नदीकाठच्या वाळुंजाच्या झाडांखाली चंडोलवाले जमत. प्रत्येकाचा खिळा ठरलेला. तोंगचा खिळा फूआजोबांच्या खिळ्याशेजारी होता, आणि हा मान लहान नव्हता. फूआजोबा त्या मंडळींत सर्वांत वडील. ते ऐकताना डोळे मिटून घेत. त्यांनी डोळे उघडले की समजायचे, काहीतरी चुकले. तोंगकडे बायको नव्हती, काम नव्हते, मुलगी लांब होती. पण फूआजोबांशेजारचा खिळा होता. तो सकाळी उठायचा तो त्या खिळ्यासाठीच.

आता मला त्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शूछिनताईबद्दल सांगायला हवे.

आमच्या शहरात दुधाचे दात पडलेल्या पोरीपासून बोळक्या तोंडाच्या म्हातारीपर्यंत सगळ्या बायका ताईच. शूछिन तोंगपेक्षा बरीच धाकटी होती, तरी तोही तिला ताईच म्हणे. तिचा नवरा फार पूर्वी बोटीवर गेला आणि तिकडेच वारला. तिची मुगाच्या धिरड्यांची गाडी होती. मोठा गोल तवा, त्यावर पळीभर पीठ, लाकडी फावडीने एका फिरकीत कागदासारखे पातळ पसरायचे, वर अंडे फोडायचे, कांद्याची पात भुरभुरायची, उलटायचे, गोडसर काळी चटणी फासायची, आत तळलेली कुरकुरीत काडी ठेवून घडी घालायची. अंडे गिऱ्हाइकाने घरून आणायचे. सकाळी रांगेत पाहावे तर कोणी झोपेतला, कोणी शिपाई, कोणी शाळेतली बाई, आणि प्रत्येकाच्या मुठीत आपापले अंडे, पाखराचे पिल्लू धरावे तसे धरलेले.

"ताई, माझं आधी घे, पाळी चुकेल कारखान्याची."

"सगळ्यांच्याच कोंबड्यांना घाई आहे. रांगेत उभा राहा."

"ताई, हे माझं अंडं नव्हे. माझं मोठं होतं."

"मोठं घरी ठेवून आलास तू. हातात धरून आणलंस ते हेच."

तिच्यापलीकडे दाट सारात धिरड्याच्या पट्ट्या घालून देणारा, सोयाच्या दुधाची कढई, पिंपात रताळी भाजणारा म्हातारा आणि वाफेवर तांदळाच्या वड्या करणारी गाडी. त्या गाडीच्या भांड्याला शिट्टी होती, वाफ कोंडली की ती लांब रडल्यासारखी वाजे आणि गल्लीतली सगळी पोरे त्या दिशेला पळत. धार लावणारा यायचा तो लोखंडी पट्ट्या खुळखुळवत. थंडीत लाल आंबट फळांना साखरेचा पाक चढवून काड्या विकायला बसत. चंडोलाच्या मालकाला यातला प्रत्येक आवाज म्हणजे विष. म्हणून तोंग माझ्यावर निळ्या कापडाचा दुहेरी बुरखा चढवायचा आणि झपझप चालायचा.

फक्त शूछिनताईच्या गाडीपाशी तो झपझप चालायचा नाही.

आधी तो उभ्याउभ्याच धिरडे घेई. मग मला स्टुलावर ठेवू लागला. पुढे पुढे तिथे एक जास्तीचे स्टूल येऊन पडले, ते कोणी आणले हे मला दिसले नाही, कारण मी बुरख्यात होतो. पण ऐकू येत होते.

"तोंगदादा, तुमचे धाकटे मालक रुसलेत का हो? कधी तोंड दाखवत नाहीत."

"झोपलेत."

"झोपलेत, की चोरून ऐकतायत?"

"त्यांना असल्या बाजारगप्पांत रस नाही."

"थोरल्यांना आहे वाटतं."

तोंगचे धिरडे संपायला दिवसेंदिवस जास्त वेळ लागू लागला. माझ्या आत धाकटे मालक मान वाकडी करून निश्चल उभे असत. मित्रांनो, कापडाने उजेड अडतो, आवाज अडत नाही. सायकलच्या तारेचा आवाज ओळखणाऱ्या माणसाला हे समजत नव्हते असे मी म्हणणार नाही. समजत होते, पण उठवत नव्हते.

शरद ऋतूत एका सकाळी नदीकाठी जे व्हायचे ते झाले. आकाश निरभ्र होते, पक्षी रंगात आले होते. तोंगने बुरखा काढला. धाकटे मालक आसनावर चढले, छाती फुगवली आणि सुरू झाले. चिमण्या झाल्या. कोंबडी झाली, अगदी अंडे घालून मिरवणारी. आता मांजर यायचे. मांजराच्या जागी आले, टक, आणि मग छर्र.

अंडे फुटले आणि तव्यावर पडले. इतके हुबेहूब की मला क्षणभर कांद्याच्या पातीचा वास आला. पाठोपाठ फावडीचे तव्याच्या कडेवर दोन ठोके, शूछिनताई गिऱ्हाइकाला धिरडे देताना मारायची तसेच.

फूआजोबांनी डोळे उघडले.

थान नावाचा एक जाडा न्हावी त्या मंडळींत होता, त्याला गप्प बसणे ठाऊक नव्हते. "वा," तो म्हणाला, "घातलं, फोडलं, भाजलं. तोंगदादा, चटणी जास्त की कमी, तेवढं विचारून घ्या त्याला."

सगळे हसले. "आम्ही म्हणायचो, तोंगला यायला उशीर का होतो आजकाल," दुसरा म्हणाला. "पक्ष्यानं सांगून टाकलं बघा."

तोंगचे कान लाल झाले. फूआजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी आपल्या पक्ष्यावर बुरखा टाकला, आणि ते पाहून सगळ्यांनीच आपापल्या पिंजऱ्यांवर टाकला. एकटा मी उघडा.

"तोंग, याला इथे आणू नकोस," ते म्हणाले. "देऊन टाक कोणाला तरी. दुसरा घे, मी शिकवीन."

"शिकला तसा विसरेलही."

"विसरलेला मी अजून पाहिला नाही."

"मला हिवाळाभर मुदत द्या, आजोबा."

फूआजोबांनी नदीकडे पाहिले. "अंधारात ठेव. काही ऐकू देऊ नकोस. नदीवरचं बर्फ फुटलं की आण. तोंड धुतलेलं असलं तर तुझा खिळा तुझाच. नाहीतर मी तो दुसऱ्याला देईन, मग माझ्यावर रागवायचं नाही."

त्या दिवशी तोंग गल्लीच्या तोंडावरून घरी गेला नाही. मागच्या बोळातून, सार्वजनिक संडासांच्या बाजूने गेला.

आमच्या मागच्या खोलीत बायकोचे एक भक्कम कपाट होते. तोंगने त्यातली रजई काढून दारांना आतून ठोकली, फटींत कापूस भरला, बुरख्यावर आणखी एक बुरखा घातला आणि मला आत ठेवले. मग कडी लागली. टक.

मित्रांनो, तोपर्यंत मला वाटे की मी बंद करणारा आहे. आत दुसरा कोणी असतो, दार माझे असते. त्या कपाटात मला कळले की माझेही दार बाहेरून लागते. माझ्या काड्यांना वारा लागेना. बांबू कोरडा पडून रात्रंदिवस कुरकुरू लागला, की मीच कुरकुरत होतो, कोण जाणे. दिवस कधी उगवतो हे तोंग दार उघडून दिव्याच्या उजेडात मुगाचे पीठ आणि अंड्याचा बलक वाटीत घालायचा त्यावरून समजे. धाकटे मालक खाली वाळूत बसून असत. आसनावर ते चढेनात.

गल्ली पलीकडेच होती. रजईतून ती येई, पण गाळून आलेल्या पाण्यासारखी, चव गेलेली. वाफेची शिट्टी म्हणजे लांब कोणीतरी श्वास घेतल्यासारखी. धार लावणाऱ्याच्या पट्ट्या नुसत्या थरथर म्हणून जाणवत. कोबीची गाडी आली की जमीन हादरे, एवढेच. वास मात्र कापसाला जुमानत नव्हता. रताळी भाजली जात आहेत, सोयाचे दूध उतू गेले, शेजारच्या बिऱ्हाडात सणाच्या करंज्यांचे सारण परतताहेत, हे सगळे मला अंधारात समजत होते. आणि सकाळी मुगाचे पीठ तव्यावर पडल्याचा वास. तो आला की वाळूत धाकटे मालक एकदा हलत.

दर रविवारी श्यावलान उकडलेल्या करंज्यांचा डबा घेऊन येई. "बाबा, कपाटातून त्याला काढा हो. गुदमरेल तो."

"औषध चालू आहे त्याचं."

"आणि तुमचं? नाक्यावरची ताई विचारत होती तुम्हाला. म्हणाली, दादा आजारी आहेत का."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, बाबा पक्ष्याची तब्येत सांभाळतायत. तिनं पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली."

आणि एक दिवस ताई स्वतः आली. बाहेर बर्फ पडत असावे, कारण तिने उंबऱ्यावर बूट आपटले. ती मागच्या खोलीच्या दारापर्यंत आली असावी, तोंगने तिला त्यापुढे येऊ दिले नाही. मला त्यांचे बोलणे ऐकू आले ते याच कारणाने, की तोंग कपाटाला पाठ लावून उभा होता.

"गरम आहे, धरा," ती म्हणाली. "अंडं माझ्याकडचं घातलंय."

"हळू बोला, ताई. तो झोपलाय."

"भर दिवसा?"

"त्याला काही ऐकू द्यायचं नाहीये. वसंतापर्यंत."

"काही म्हणजे?"

कपाटाचे दार तोंगच्या पाठीखाली करकरले.

"गल्लीत बोलतात ते खरं तर," ती म्हणाली. "माझ्या तव्याचा आवाज घाण आहे."

"तसं नाही. तो नियम आहे. तेरा आवाज असतात, त्यात..."

"त्यात मी नाही. समजलं. सगळी गल्ली त्या आवाजानं उठते हो, तोंगदादा. कोणाचं तोंड घाण झालेलं ऐकलं नव्हतं मी."

तिचे बूट अंगणातून गेले. दार लागले. तोंगने ते धिरडे खाल्ले की नाही मला माहीत नाही. कपाटापाशी तो बराच वेळ उभा होता. मग त्याने उसासा सोडला. त्याचा पुढचा एक दात पडलेला होता, त्यामुळे उसासा बाहेर पडताना बारीक शीळ होई, वरून खाली घसरत जाणारी. मग त्याने कडी नीट बसली आहे का ते पाहिले. टक.

त्यानंतर ते रोजचेच झाले. संध्याकाळी पीठ घालायचे, दार लावायचे, कडी, टक, आणि ती घसरती शीळ. पलीकडे टेबलावर एकट्या कपाचा आवाज. रजईच्या आत, बुरख्यांच्या आत, स्पष्ट ऐकू येणारे एवढेच आवाज उरले होते. हिवाळाभर आमचे सगळे जग एवढेच होते.

नदीवरचे बर्फ फुटले. तोंगने धाकट्या मालकांना उजेडाची सवय करायला काही सकाळी बुरखा थोडाथोडा उचलला. ते गात नव्हते, पण तवाही वाजवत नव्हते. तोंगने नवा धुतलेला सदरा घातला, दाढी केली, आणि मागच्या बोळातून मला नदीकाठी नेले.

वाळुंजांना पालवी फुटत होती. सगळे जमले होते. फूआजोबांशेजारचा खिळा रिकामा होता. कोणी आपले पक्षी उघडे ठेवले नव्हते, सावधगिरी म्हणून.

"आला बघा न्याहारीवाला," थान म्हणाला, पण त्याच्या आवाजात खोच नव्हती. तोंग किती वाळला आहे हे त्यालाही दिसत होते.

"लाव," फूआजोबा म्हणाले.

तोंगने मला खिळ्याला लावले आणि बुरखा काढला. इतका उजेड, इतका वारा, नदीचा वास. माझ्या सगळ्या काड्या एकदम हलल्या. धाकटे मालक वाळूत बसून राहिले. मग उठले. आसनाभोवती फिरले. आणि चढले.

फूआजोबांनी डोळे मिटले.

चिमण्या आल्या, बारीक, पण आल्या. कोंबडी आली. तोंगने श्वास धरला. आता अंडे फुटते की काय, याचीच सगळे वाट पाहत होते. ते फुटले नाही. त्या जागी तवा नव्हता. त्या जागी आले, टक, कडीचे. आणि मग पडलेल्या दातामधून निघालेली, वरून खाली घसरत जाणारी ती शीळ. म्हाताऱ्या माणसाचा उसासा. हुबेहूब. मग थोडे थांबून पुन्हा तोच. मग एकट्या कपाचा टेबलावरचा आवाज. मग पुन्हा तोच उसासा.

मांजर आले नाही, पाकोळी आली नाही, घार आली नाही. पक्षी तेवढेच म्हणत राहिला.

कोणी हसले नाही. थानने खिशातून विडी काढली आणि पेटवायची विसरला. तोंग खाली मान घालून उभा होता. मागे पक्ष्याने त्याची एक गोष्ट सांगितली होती, तेव्हा तो लाल झाला होता. आता तो पांढरा पडला होता, कारण ही गोष्ट त्याने स्वतःलाही सांगितली नव्हती.

फूआजोबांनी डोळे उघडले, पण पक्ष्याकडे पाहिले नाही. तोंगकडे पाहिले.

"हिवाळाभर असाच होतास?"

"हो."

"मी म्हणालो होतो, काही ऐकू देऊ नकोस."

"काही ऐकवलं नाही, आजोबा. एवढंच होतं घरात."

फूआजोबा उठले. त्यांचे गुडघे दुखत, ते एरवी कोणासाठी उठत नसत. त्यांनी स्वतःच्या हाताने मला खिळ्यावरून काढले. तोंगने बुरखा पुढे केला, तो त्यांनी घेतला, पण माझ्यावर घातला नाही. तोंगच्या खांद्यावर टाकला.

"आधीचा आवाज बरा होता," ते म्हणाले. "जा."

"आणि खिळा?"

"खिळा मी देणार आहे दुसऱ्याला. सांगितलं होतं तुला."

तोंग मला घेऊन निघाला. घाटाच्या पायऱ्या चढून वर आला तेव्हा एक रस्ता मागच्या बोळाकडे जात होता आणि एक गल्लीच्या तोंडाकडे. तो थोडा वेळ उभा राहिला. मग आयुष्यात पहिल्यांदा मी उघड्या अंगाने मिठाच्या गल्लीत शिरलो. मित्रांनो, इतकी वर्षे मी ती फक्त ऐकली होती. वाफेच्या भांड्याची शिट्टी कुठून निघते ते मला त्या दिवशी दिसले. रताळेवाल्याला एक पाय नव्हता, हेही मला तोवर माहीत नव्हते.

शूछिनताईपुढे रांग होती. तोंग रांगेत उभा राहिला. लोकांनी पाहिले, एकमेकांना कोपरखळ्या दिल्या, पण त्याला वाट कोणी दिली नाही, ते बरेच झाले. त्याची पाळी आली.

"अंडं?" तिने वर न पाहता विचारले.

"आणलं नाही."

"मग बाजूला व्हा. लोकांना कामं आहेत."

तो बाजूला झाला. पण गेला नाही. मला हातात धरून उभा राहिला. लोक येत होते, अंडी फुटत होती, तवा छर्र म्हणत होता. पीठ संपेपर्यंत तो तसाच उभा राहिला. धाकटे मालक आसनावरून सगळे पाहत होते, चोचीतून आवाज नाही.

"पीठ संपलं," ती म्हणाली.

"दिसलं."

"मग कोणासाठी थांबलात? धाकट्या मालकांना ऐकायचं होतं का काही?"

"धाकट्यांना नाही," तोंग म्हणाला. "थोरल्यांना."

तिने निखारे खाली ओढले. तवा उतरवायला तिला फडके सापडेना. तिने हात पुढे केला, तोंगच्या खांद्यावरचा निळा बुरखा ओढून घेतला, त्याची घडी केली, आणि त्या घडीने तव्याचे कान धरून तवा खाली ठेवला. कापडाला जळका डाग पडला. तोंगने बुरखा परत मागितला नाही.

मग तिने पाय लांब करून एक स्टूल त्याच्याकडे सरकवले.

तोंग पुन्हा कधी नदीकाठच्या खिळ्यांकडे गेला नाही. मी तिच्या गाडीच्या छपराला टांगलेला असे. काही दिवसांनी धाकटे मालक तेराच्या तेरा आवाज विसरून गल्लीचेच गाऊ लागले, तव्यापासून शिट्टीपर्यंत, आणि पोरे त्यांना वेडावून दाखवू लागली. मला पुष्कळ कौतुक लाभले ते त्या वर्षांत. पण मित्रांनो, एक गोष्ट मी लपवणार नाही. त्यांच्या तोंडचा तो उसासा कधीच गेला नाही. सकाळी चांगली हसती रांग असावी, आणि मध्येच ती शीळ घसरत यावी. शूछिनताई फावडी थांबवायची. तोंगच्या ताटलीकडे एकदा पाहायची, आणि पुढचे अंडे फोडायची.

आता गल्ली नाही. तिथे ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्याच एकीत मी आहे. धाकटे मालक वाळूत निजले, थोरलेही गेले, ताईही गेली. माझे दार उघडे आहे आणि आत कोणी नाही, तरी काच बंद आहे म्हणून मी अडकलेलाच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. श्यावलान धूळ येऊ नये म्हणून काच लावते, माझी काळजी म्हणूनच लावते. तोंगनेही काळजी म्हणूनच कडी लावली होती.

तेव्हा तुमच्या घरात कोणाच्या तोंडी नको ते आले, तर त्याला रागवा, त्याच्याशी भांडा, हसा त्याला. पण त्याला अंधारात ठेवू नका. तिथे कोणी काही विसरत नाही. तिथे जे ऐकू येते, ते शिकून तो बाहेर येतो.